बाकडं कोणी मागितलं होतं?
पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवायची सोय करून दिली. क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यायचा, काम लिहायचं, एका कामाला मर्यादा पाच लाखांची. बसथांबा, पदपथाची दुरुस्ती, एखादा दिवा अशीच छोटी कामं त्यात बसतात. पण माणसाला रोज ठेच लागते ती तिथेच. मात्र कामं नुसती सुचवणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोक सभेला जमून, वाद घालून कामांचा क्रम ठरवू लागले. आपल्याकडे अर्ज टेबलावर ठेवला की नागरिक मोकळा; पुढची निवड प्रभाग समितीत, म्हणजे नगरसेवकांच्या हाती. (मंजूर कामातून बसवलेल्या बाकड्यावर ठळक अक्षरांत नावही त्यांचंच!) मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर काही काळ सगळाच कारभार प्रशासकाकडे गेला. ज्या नगरसेवकाला लोकांना खरंच सामील करून घ्यायचंय, त्याला त्यासाठी नवा कायदा लागत नाही. त्याने आलेले सगळे अर्ज चौकातल्या फलकावर लावावेत, समितीच्या बैठकीआधी एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये लोकांना बोलवावं आणि नाकारलेल्या प्रत्येक कामापुढे कारण लिहावं. तुम्ही अर्ज दिला असेल, तर आपल्या नगरसेवकाकडे निदान एवढं तरी मागा.