आमच्या बाजारपेठेचा विमा

चिपळूणच्या बाजारपेठेत कोणत्याही दुकानदाराला ‘दुकानाचा विमा आहे का?’ असे विचारा. बहुधा एकच उत्तर मिळते : ‘आहे ना, बँकेने काढलाय.’ २२ जुलै २०२१ पर्यंत आमच्या घरीही हेच उत्तर होते.

त्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी बाजारात शिरले. वर मुसळधार पाऊस आणि खाली खाडीला भरती. आमच्या किराणा दुकानातील साखर, डाळी, तेलाचे डबे, गणपतीसाठी भरू लागलेला माल, सारे चिखलात गेले. बाबा मात्र धीर देत होते, ‘विमा आहे.’

पॉलिसीचा कागद आम्ही प्रथमच वाचला तो त्यानंतर. दुकानात माल १० लाखांचा, विमा ५ लाखांचा. कारण कर्ज तेवढेच होते. नुकसान झाले ८ लाखांचे. बाबांचा हिशेब साधा होता : निदान ५ लाख तरी मिळतील. परंतु विम्याचे गणित निराळे असते. निम्म्या मालाचाच विमा असेल, तर नुकसानही निम्मेच भरून मिळते. म्हणजे ४ लाख, त्यातूनही ठरलेली वजावट. आणि ती रक्कमही प्रथम जमा झाली बँकेच्या कर्जखात्यात. नवा माल भरण्यासाठी आईच्या बांगड्या मोडाव्या लागल्या.

यात कोणी फसविले, असे मी म्हणणार नाही. सारे नियमाप्रमाणेच झाले. माझे म्हणणे एवढेच की, जो नियम पूर ओसरल्यावर कळतो, त्याचा दुकानदाराला उपयोग काय?

‘पुराला कोण विमा देतो?’ असाही एक समज आहे. तो खरा नाही. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल, तर ती घेता येते. तीत आगीबरोबर पूर, वादळ, भूकंप, दरड हेही येतात. विम्याची रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली, तर त्यासाठी भरपाई कापली जात नाही. सोय आहे, माहिती नाही.

दुसरी अडचण पुराव्याची. सर्व्हेअर आले, त्यांनी खरेदीची बिले मागितली. बिले गल्ल्याखालच्या खणात होती आणि खण पाण्यात होता! ज्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरलेली होती, त्यांना काही आधार तरी होता. ज्यांची उलाढाल लहान, त्यांना नोंदणीची सक्ती नाही. म्हणून त्यांच्याकडे तोही आधार नाही. म्हणजे जो सर्वांत लहान, तोच सर्वांत उघडा.

कोणी म्हणेल, हा विषय वाणिज्य शाखेचा. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात नाक का खुपसावे? मित्रहो, खेर्डी आणि लोट्याच्या कारखान्यांतील पगार याच बाजारात खर्च होतो, आणि आपल्यापैकी कित्येकांची फी याच गल्ल्यांतून भरली जाते. शिवाय येथे लागते ते मोठे अर्थशास्त्र नव्हे. लागते ते वाचन, आणि वाचलेले सोप्या मराठीत सांगणे. ते आपण नाही करायचे, तर कोणी?

पूर ओसरल्यावर आपण सर्वांनी फावडी घेऊन चिखल काढला. त्याचा अभिमान आहेच. परंतु दरवर्षी मे महिन्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी एकेका दुकानात तासभर बसावे. मालाची यादी करावी, बिलांची छायाचित्रे काढून दुसरीकडे ठेवावीत, पॉलिसीवरील रक्कम मालाशी ताडून पाहावी. सणासाठी माल वाढणार असेल, तर विम्याची रक्कमही वाढवून घेण्यास सांगावे. आणि बँकांनीही हप्ता कापताना पॉलिसीची प्रत, सोबत मराठीत एक पान खुलासा, दुकानदाराच्या हाती द्यावा.

बाबा आता पॉलिसी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवतात. त्याआधी ती दोनदा वाचतात, आणि एकदा मला वाचायला लावतात.

— तृतीय वर्ष, कला