पाणी प्या म्हणे!

गेल्या महिन्यात एका वस्तीतल्या आरोग्य शिबिरात मी केसपेपर लिहायला बसले होते. कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी एक बाई डॉक्टरांना सांगत होती, "सारखी उन्हाळी लागते. खोकलं तरी साडी ओली होते." डॉक्टर भले होते. म्हणाले, "पाणी भरपूर प्या, लघवी अडवून ठेवू नका." ती मान हलवून उठली आणि बाहेर मला म्हणाली, "ताई, पाणी पिऊ हो, पण जाऊ कुठं? दुकानात एकच मुतारी, तिला कडी नाही. म्हणून सकाळचा चहासुद्धा सोडलाय."

हाच सल्ला मी स्वतः पत्रकांवर छापून वर्षानुवर्षं वाटला आहे. त्यामुळे आधी माझ्यावरच चिडले.

सल्ला खोटा नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. त्यांना संसर्ग सरासरी १.७ वेळा झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे पाणी हे औषधच. पण प्यायलेलं पाणी बाहेर टाकायला जागा लागते, आणि ती जागा बाईच्या हातात नसते. मग तिला 'पाणी प्या' सांगणं म्हणजे दुखण्याचा दोष तिच्याच पदरात बांधणं नव्हे का?

आमचा केसपेपर बघा. बाळंतपणं किती, पाळी कधी गेली, मधुमेह आहे का. सगळं योग्यच, ही कारणं खरीच आहेत. पण 'कामाच्या जागी संडास आहे का, तिथं जायला कोणाची परवानगी लागते' हे विचारायला रकानाच नाही. जे विचारलंच जात नाही ते कारण म्हणून सापडणार कसं? अमेरिकेत सरकारी पैशातून २०१५ साली स्त्रियांच्या मूत्राशयाच्या तक्रारी मुळात होऊच नयेत यासाठी संशोधकांचा एक गट उभा राहिला. शाळा, कामाची जागा, सार्वजनिक संडास हेही ते कारणांत धरतात. ऊसतोडणीच्या फडावरच्या बाईला हे सांगायला संशोधक लागत नाही. पण तिचं म्हणणं 'पुरावा' ठरत नाही ना!

कायदे आहेत. कारखान्यात स्त्रियांसाठी वेगळे संडास हवेत, असं १९४८ पासून लिहिलेलं आहे. दुकानांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, पण थोडे कामगार असलेली दुकानं त्यातून सुटतात. बायका जास्त तिथंच. मुंबईत २०११ पासून संघटनांनी मुताऱ्यांसाठी मोहीम चालवली. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हा उघड अन्याय त्यांनी चव्हाट्यावर आणला. तरी आपणही, खरं सांगायचं तर, हा प्रश्न 'सोयी'च्या यादीत शेवटी टाकतो. हिंसेवर बोलताना आवाज चढतो, लघवीवर बोलताना आपणच पदर तोंडाला लावतो.

पुढच्या शिबिरासाठी मी केसपेपरात दोन प्रश्न वाढवायला सांगितले. उत्तर आलं, कागदावर जागा नाही. मागची बाजू कोरीच आहे, तिथं आम्ही हातानं लिहिणार आहोत. त्या दुकानाच्या मालकाकडे मात्र सोमवारी जातोय, चौघी जणी. कडी आम्हीच विकत घेतली आहे.