डिझेलच्या धुराची खरी किंमत

अमेरिकेत जड पिकअप ट्रक हे शेतकऱ्याचे, बांधकाम करणाऱ्याचे, प्लंबरचे रोजचे वाहन. घोड्यांची गाडी किंवा खोदाईयंत्र मागे जोडून ओढायचे तर इंजिन डिझेलचेच हवे, अशी तिथे वर्षानुवर्षांची समजूत. तरीही फोर्डने २०२० च्या मॉडेलमध्ये ७.३ लिटरचे, आठ सिलिंडरचे आणि चक्क पेट्रोलवर चालणारे नवे इंजिन दिले. आपल्याकडच्या १.२ लिटरच्या छोट्या मोटारीची सहा इंजिने त्यात मावतील! जनरल मोटर्सनेही त्याच वर्षी जड पिकअपसाठी ६.६ लिटरचे पेट्रोल इंजिन आणले. इंधन वाचवण्याच्या जमान्यात ही उलटी चाल कशासाठी?

याचे उत्तर इंजिनापेक्षा त्याच्या धुरात अधिक आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण नेमके राखता येते. त्यामुळे धुराच्या नळीत बसवलेला एकच उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही विषारी घटकांचा बहुतांश भाग निकामी करतो. डिझेल इंजिन मात्र गरजेपेक्षा जास्त हवा घेऊन चालते. त्याची काटकसर काही अंशी त्यातूनच येते. पण धुरात प्राणवायू उरतो आणि त्या प्राणवायूमुळे नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर हा साधा उत्प्रेरक चालत नाही. मग युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी, ते फवारणारी यंत्रणा, काजळी अडवणारी गाळणी आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारे सेन्सर, असा लवाजमा लागतो.

हा लवाजमा हौसेने आलेला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ ते २०१० दरम्यान जड डिझेल इंजिनांचे नियम टप्प्याटप्प्याने कडक केले. त्याला वैद्यकीय आधार भक्कम होता. नायट्रोजनची ऑक्साइडे श्वासनलिकेचा दाह करतात, दमा बळावतो, आणि हवेत त्यांच्यापासून ओझोन व सूक्ष्म कणही तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा निश्चित कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले.

आता ग्राहकाचा हिशेब पाहा. जड पिकअपमध्ये डिझेल इंजिन घ्यायचे तर साधारण दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. समजा, ट्रक वर्षाला २०,००० मैल धावतो. पेट्रोलवर गॅलनला १२ मैल आणि डिझेलवर १५ मैल जातो. वर्षाला सुमारे ३३३ गॅलन वाचले. दोन्ही इंधने साडेतीन डॉलरला मिळतात असे धरले, तरी बचत जेमतेम ११६५ डॉलरची. म्हणजे दहा हजार वसूल व्हायला साडेआठ वर्षे! त्यात अमेरिकेत डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असते. शिवाय थोड्या अंतराच्या फेऱ्यांत धूर पुरेसा तापत नाही आणि काजळीची गाळणी तुंबते. रोज शेकडो मैल मोठे ओझे ओढणाऱ्याला डिझेल आजही परवडते. गावातल्या गावात फिरणाऱ्याला मात्र साधे, दणकट पेट्रोल इंजिन सोयीचे. काही स्कूल बसही आता याच फोर्ड इंजिनावर धावतात.

कंपन्यांना अचानक लोकांच्या फुप्फुसांचा कळवळा आला, असे मुळीच नाही. डिझेल स्वस्त वाटत होते, कारण त्याच्या धुराचे बिल दुसरेच कोणीतरी भरत होते. नियमांनी ते बिल गाडीच्या किमतीत आणले आणि बाजाराने आपला निर्णय घेतला.

पण बिल टाळण्याची वाटही लोकांनी शोधलीच. अमेरिकेच्या याच संस्थेने २०२० मध्ये अंदाज मांडला, की आधीच्या सुमारे दशकभरात साडेपाच लाख डिझेल पिकअपमधील प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आली किंवा निकामी करण्यात आली. त्यातून झालेले जादा प्रदूषण नियम पाळणाऱ्या ९० लाख नव्या डिझेल पिकअप रस्त्यावर आणण्याइतके होते. उत्पादकांचेही हात स्वच्छ नाहीत. फोक्सवॅगनची लबाडी २०१५ मध्ये उघडी पडली. रॅम पिकअपच्या इंजिनांतील फसव्या यंत्रणेच्या आरोपावरून कमिन्स कंपनीने १६७ कोटी डॉलरहून अधिक दंड भरण्याचे मान्य केले.

यातला धडा सरळ आहे. जी यंत्रणा मालकाकडून सतत खर्च आणि लक्ष मागते, ती काढून टाकण्याचा मोह होतोच. पेट्रोलचा उत्प्रेरक काही न मागता आपले काम करत राहतो. मोठे पेट्रोल इंजिन इंधन जास्त जाळते, कार्बन डायऑक्साइडही जास्त सोडते. हवामानाच्या दृष्टीने ते काही आदर्श नव्हे. पण शाळेच्या दारात उभ्या असलेल्या बसच्या मागे मुलांच्या नाकात काय जाते, हा प्रश्न वेगळा आणि तातडीचा आहे.

तो आपल्यालाही लागू आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुती सुझुकीने डिझेल मोटारी बंद केल्या. ट्रक आणि बस मात्र मुख्यतः डिझेलवरच राहिल्या आणि त्यांच्यात युरियाच्या टाक्या आल्या. आपली पीयूसी तपासणी डिझेल वाहनाच्या धुराची दाटी मोजते, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाही. म्हणजे युरियाची यंत्रणा बंद पाडलेला ट्रकही काळा धूर सोडत नसेल, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकतो. कारखान्यातून स्वच्छ निघालेले वाहन पाच वर्षांनीही स्वच्छ आहे का, हे तपासायचे असेल, तर आधी पीयूसी केंद्रावर योग्य वायू मोजायला सुरुवात करावी लागेल.