ढाल जिंकली, पण…

पूल हा खेळ आपल्या शाळेत नाही. सहा खिशांचे टेबल, लांब काठी आणि आकडे लिहिलेले चेंडू बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिले असतील. पण त्याचा भाऊबंद स्नूकर १८७५ साली आपल्याच मध्य प्रदेशातल्या जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला असे मानतात. शिवाय पूलमधली एक गोष्ट आपल्या कॅरमलाही लागू पडते.

या खेळात चेंडू खिशात जात राहिले की पाळी त्याच खेळाडूकडे राहते. दुसऱ्याने खुर्चीत बसून नुसते पाहायचे. म्हणूनच समोरच्याचे मन खचवण्याचे प्रकार इथे फोफावतात. नेम धरताना खोकणे, नजरेसमोर हलणे, "सोपा आहे हं, चुकू नकोस" असे गोड बोलणे. याला तिकडे 'शार्किंग' म्हणतात. नियमांप्रमाणे हे अखिलाडू वर्तन आहे आणि पंच त्यासाठी शिक्षा करू शकतात.

कुणी म्हणेल, मन खंबीर असणे हाही खेळाचाच भाग. मान्य! पण दडपण दोन प्रकारचे असते. प्रतिस्पर्ध्याला सरळ नेमच मिळू नये अशा जागी पांढरा चेंडू नेऊन ठेवणे हे कौशल्य. त्याच्या कानाशी टोमणे मारणे ही लबाडी.

१९९६ मध्ये हाँगकाँगला अमेरिकेचे अर्ल स्ट्रिकलंड आणि फिलिपाइन्सचे एफ्रेन रेयेस यांच्यात १२० डावांच्या शर्यतीचा सामना झाला. स्ट्रिकलंड तापट आणि बोलघेवडे, तर रेयेस शांत म्हणून प्रसिद्ध. पिछाडीवर पडलेल्या रेयेस यांनी तो सामना १२०-११७ असा जिंकला. त्यांनी उत्तर दिले ते टेबलावर.

आता आपल्या घरचे. यंदाच्या आंतरशालेय कॅरम स्पर्धेत समोरचा लहानगा राणीवर कव्हर घेत होता. आमच्या मुलांनी मागून हुर्यो केली. दोघा-तिघा पालकांनीही साथ दिली. त्याचा हात थरथरला, नेम चुकला आणि ढाल आपल्याकडे आली. आम्हीही तिथेच होतो आणि गप्प बसलो. आज कार्यालयाच्या कपाटातल्या त्या ढालीकडे आम्हाला पाहवत नाही.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. स्ट्रायकर सुटेपर्यंत प्रेक्षकांनी शांत राहावे आणि न राहिल्यास त्यांना बाहेर पाठवावे, मग ते पालक का असेनात. सरावात मुलांना नेमाइतकेच, समोरच्याची पाळी लांबली तरी स्वस्थ बसायला शिकवावे. आणि विश्वस्तांनी त्या मुलाच्या शाळेला दिलगिरीचे पत्र पाठवावे.

मुलांनो, पुढच्या वर्षी आपण हरलो तरी चालेल. पण जिंकलो, तर ते आपल्या बोटांच्या जोरावर जिंकू या.