घसरण्याची विद्या

मराठीत 'घसरणे' या क्रियापदाला प्रतिष्ठा नाही. पाय घसरतो, जीभ घसरते, रुपया घसरतो, विद्यापीठांचा दर्जा तर घसरतोच घसरतो. परंतु कोणी समजून उमजून, स्वेच्छेने आणि शहाणपणाने घसरावे, अशी कल्पना आपल्या भाषेने फारशी केलेली दिसत नाही. म्हणूनच बहुधा 'ड्रिफ्ट' हा शब्द आला तेव्हा त्याला प्रतिशब्द शोधण्याच्या फंदात कोणी पडले नाही, आणि त्याविषयीचे मतही आयतेच तयार झाले: श्रीमंतांच्या पोरांचा माज. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. त्यानंतर महागडी गाडी आणि वेग हे शब्द एकत्र उच्चारणेही अशिष्ट वाटावे, अशी हवा झाली. तो संताप रास्तच होता. तथापि सार्वजनिक रस्त्यावर दुसऱ्याचा जीव पणाला लावणे आणि मोकळ्या बंदिस्त जागेत गाडीला इजा न करता तिची मागची चाके सरकवत वळण घेणे, या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरणे आम्हांस मान्य नाही.

हे आम्ही करडीच्या संदर्भात लिहितो आहोत, याचे कोणास हसू येईल. मोहाडी तालुक्यातील, धानाच्या मुलखातील हे गाव. येथे स्पोर्ट्स कार कोठून यायची? पण आषाढात रोवणीच्या आधी एखाद्या बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून चिखलणी पाहावी. गुडघाभर चिखलात ट्रॅक्टरची पुढची चाके दिशा देण्याचे काम जवळजवळ सोडून देतात. स्टिअरिंग पूर्ण फिरवले तरी यंत्र नाकासमोरच जाते. अशा वेळी चालक वळणाच्या बाजूच्या मागच्या चाकाचा ब्रेक तेवढा दाबतो (ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात ते याचसाठी) आणि ते धूड जागच्या जागी गर्रकन वळते. धुरा फुटत नाही, क्लच जळत नाही. निसरड्या जागी वाहन मागच्या चाकांनी वळते, हे ड्रिफ्टमधले पहिले सूत्र त्या माणसाला कोणत्याही चित्रफितीवाचून ठाऊक असते. दुसरेही ठाऊक असते: डांबरी रस्त्यावर येताच दोन्ही ब्रेकची पायटे कडीने एकत्र जोडायची. तेथे बांधीतली करामत केली तर ट्रॅक्टर उलटतो. कोणती विद्या कोठे वापरायची, हे त्या एका कडीत आले.

आता मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीकडे वळू. खांद्यावर कावड घेऊन फिरून पाहावे. दोन्ही टोकांची ओझी वळायला वेळ लावतात, आणि एकदा वळू लागली की थांबायलाही वेळ लावतात. तेच ओझे घागरीसारखे कमरेशी धरले तर माणूस पटकन गिरकी घेतो. इंजिन दोन आसांच्या मध्ये ठेवलेली गाडी ही घागर घेतलेल्या माणसासारखी असते. तिची पकड खूप वेळ टिकते, आणि सुटते तेव्हा चालकाला विचार करण्यास उसंत मिळत नाही. १९८९ मध्ये आलेल्या टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या एमआर-टूची ख्याती अशीच होती. घाबरून वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, वजन पुढे जावे, मागची चाके हलकी व्हावीत आणि गाडीने तोंड फिरवावे! १९९२ च्या सुमारास टोयोटाने तिच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये बदल केले. ड्रिफ्टवाले सहसा पुढे इंजिन आणि मागे चालकशक्ती असलेली गाडी पसंत करतात, त्याचे कारण हेच: कावड हळू फिरते, चूक सुधारायला वेळ देते.

म्हणून शिकण्याचा मार्ग कंटाळवाणा आहे, आणि तो तसाच असावा. फरशी ओली करावी. ओल्या पृष्ठभागावर गाडी कमी वेगात सरकते, टायर कमी झिजतात आणि गिअरबॉक्स व आसांवर कोरड्या डांबरावर बसतात तसे धक्के बसत नाहीत. दुसऱ्या गिअरमध्ये मोठे वर्तुळ धरावे. ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवावा. मागची चाके सरकू लागताच स्टिअरिंग त्या बाजूला सोडावे, नजर मात्र जायचे तिकडे ठेवावी. पाय एकदम उचलू नये, किंचित सैल करावा. हाताबाहेर गेलेच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून गाडीला थांबू द्यावे. भोवती आपटण्यासारखे काही नसेल तर गिरकी खाण्यात नुकसान नाही. क्लचला हिसके देऊन घसरण साधणारे तरुण आम्ही चित्रफितींतून पाहतो. ती कला नव्हे, ती क्लचच्या प्लेटची हत्या आहे. गाडीला मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल नसेल तर एकच चाक जळत बसते, तेव्हा तो हट्टच सोडलेला बरा.

जपानमध्ये ही विद्या प्रथम डोंगरी रस्त्यांवर, कायदा मोडूनच वाढली. केइची त्सुचियाची ख्याती तेथलीच. पुढे डी-वन ग्रां प्रीसारख्या स्पर्धांनी तिला कुंपणात आणले. तेथे घड्याळ पाहत नाहीत. परीक्षक वेग, कोन आणि मार्गाची रेषा पाहून गुण देतात. (आम्हा साहित्यवाल्यांना हे ओळखीचे वाटेल, वादही तसेच होत असणार.) यातला पहिला, रस्त्यावरचा अध्याय आपण गाळावा, असे आमचे मत आहे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने रस्त्यावरील शर्यतीचा दंड पाचशेवरून पाच हजार रुपये केला. दंड वाढला, जागा वाढली नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरला कारी, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट, ही सारी महाराष्ट्राबाहेर. कोल्हापूरला गो-कार्टची धावपट्टी आहे, पण भंडाऱ्याहून कोल्हापूर म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे टोक.

शंकरपटाचे उदाहरण मात्र आपल्या अंगणातले आहे. २०१४ च्या निकालाने पट थांबले. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. आता अटी पाळून पट भरतात. वेगाची हौस बंदीने मरत नाही, तिला आखलेली जागा आणि पंच द्यावे लागतात, एवढे तरी आपण बैलांच्या बाबतीत मान्य केले आहे.

खरी निकड मात्र स्पोर्ट्स कारची नाहीच. रोवणीच्या दिवसांत केजव्हील लावलेले ट्रॅक्टर बांधीतला चिखल डांबरावर आणून टाकतात. मळणीला रस्त्यावरच धान आणि तणस पसरलेले असते. त्यावरून ओम्नी जाते. ही बापुडवाणी ओम्नी तांत्रिकदृष्ट्या मध्य-इंजिनाचीच: इंजिन पुढच्या आसनांखाली, शक्ती मागच्या चाकांना. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले, पण गावोगाव ती अजून पोरांना शाळेत नेते. उंच आणि अरुंद असल्याने ती घसरली की कलंडण्याचे भय मोठे. तिच्या चालकाला गाडी सरकताना पाय एकदम उचलू नये, हे कोणी शिकवले? परवान्याच्या परीक्षेत तो प्रश्न नसतो.

प्रत्येक परिवहन कार्यालयाच्या चाचणी मैदानावर पन्नास-साठ मीटरचा सिमेंटचा गुळगुळीत पट्टा, पाण्याचा एक टँकर आणि आसपास खांब, झाड, भिंत काही नाही, एवढी आमची मागणी आहे. शिकवायला करडीचा एखादा चिखलणीवाला बोलावला तरी हरकत नाही. त्याला फक्त ब्रेकच्या पायटांची कडी घालूनच यायला सांगावे.