जाळलेल्या डागाची जाडी मी कशी मोजू?

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे फॉर्मॅलिनची एक बाटली आली. आत जांघेतली गाठ, कापली तर डांबरासारखी काळी. सोबतच्या कागदावर नाव, वय आणि ‘गाठ’ एवढा एकच शब्द. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मेलॅनोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कॅन्सर, दुसरीकडून पसरून आलेला. मूळ कुठे? दोन दिवस फोन केले तेव्हा कळलं : दीड वर्षापूर्वी बाईंच्या टाचेवरचा काळा डाग कुरूप समजून एका दवाखान्यात जाळला होता. त्याआधी घरी बिब्बा लावून झाला होता. तुकडा तपासायला का पाठवला नाही? ‘साधं कुरूप, त्यात काय तपासायचं?’

त्यात काय तपासायचं असतं, ते मी सांगतो. पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझं आयुष्य त्यातच गेलंय.

मेलॅनोमा हा गोऱ्यांचा आजार, असं म्हणत निर्धास्त राहणारे डॉक्टर मला संतापजनक वाटतात. आपल्याकडे तो कमी, हे खरं. पण होतो तेव्हा बहुधा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्यावरची जखम आधी फुटबॉलची समजली गेली. 1977 मध्ये मेलॅनोमाचं निदान झालं, 1981 मध्ये वयाच्या 36व्या वर्षी तो गेला.

बहुतेक काळे डाग निरुपद्रवी असतात. पण वाढणारा, रंग बदलणारा, न भरणारा डाग नुसत्या नजरेने निकालात काढायचा हक्क कुणालाच नाही. डाग लहान असेल तर भोवतीच्या एक ते तीन मिलिमीटर निरोगी कातडीसह अख्खा काढायचा. टाचेवर मोठा पसरला असेल तर सर्वांत जाड, सर्वांत काळ्या जागेचा खोलवर तुकडा घ्यायचा. भूल द्यायला एक इंजेक्शन, वर दोन-चार टाके. बस्स.

वरवर खरवडू नका, हे मी हात जोडून सांगतो. 1970 मध्ये पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवून दिलं, की गाठ कातडीत किती मिलिमीटर खोल गेली, यावर रुग्णाचं भवितव्य ठरतं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर पुढच्या शस्त्रक्रियेत भोवतालची एक सेंटिमीटर कातडी काढतात, दोनच्या पुढे गेली तर दोन सेंटिमीटर. खरवडलेल्या पापुद्र्यात ही खोली अर्धवट राहते. जाळलेल्यात काहीच उरत नाही.

आणि ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे घरोघरी सांगितलं जाणारं धादांत खोटं! बायोप्सीमुळे, म्हणजे असा तुकडा काढून तपासल्यामुळे, मेलॅनोमाच्या रुग्णांचं आयुष्य घटत नाही, हे अभ्यासांनी तपासून झालंय. घटतं ते वाट पाहण्यानं. पेशंटचं सोडा, पदवीधर माणसं हे बोलतात तेव्हा मला गप्प बसवत नाही.

अहवाल न्यायला त्या बाईंचा मुलगा आला होता. त्यानं विचारलं, ‘डॉक्टर, दीड वर्षापूर्वी ते किती खोल होतं?’ मला सांगता आलं नाही.