नव्या घराची दुसरी वाट

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या पुतण्यानें नव्या घराचा नकाशा आमच्यापुढें उलगडून ठेविला. वेंगुर्ल्याचें आमचें कौलारू घर उतरवून त्याच जोत्यावर तो दुमजली स्लॅबचें घर बांधणार आहे. देवघर, माजघर, खालीं वडीलधाऱ्यांच्या खोल्या, वर मुलांच्या. सर्व यथास्थित होतें. आम्हीं इतकेंच विचारिलें, "बाबा रे, रात्रीं आग लागली तर ह्यांतून बाहेर कसें पडावयाचें?" तो हंसून म्हणाला, "काका, सिमेंटचें घर जळत नाहीं."

सिमेंट जळत नाहीं हें खरें. शनिवारवाड्याचे तटही १८२८ च्या आगींत जळले नाहींत. जळाले ते आंतले लांकडी महाल. गाद्या, पडदे, पुस्तकें पेटावयाचीं तीं पेटतातच, आणि माणसें ज्वाळेहून धुरानेंच अधिक दगावतात.

आम्ही नऊ वर्षांचे असतांना धाकटी काकू बाळंतिणीच्या खोलींत होती. त्या खोलीस खिडकी नव्हती. दार एकच, तें माजघरांत उघडणारें. न्हाणीघरांत चुलाणाशेजारीं सोडणें व झावळ्या आढ्यापर्यंत रचलेल्या असत. एके पहांटे त्यांनीं पेट घेतला आणि पाहतां पाहतां माजघर धुरानें कोंदलें. दारानें आंत जाणें अशक्य झालें. तेव्हां आमचे वडील व शेजारचे दोघे छपरावर चढले, कौलें काढलीं, रिपा कोयत्यानें तोडल्या आणि बाळासह काकूस वरून ओढून घेतलें. दोघें वांचलीं; काकूचा खोकला मात्र कायमचा राहिला.

त्या घरांत जळण्याजोगें पुष्कळ होतें, पण कौलें उचलतां येत होतीं. नव्या नकाशांत वर स्लॅब, खिडक्यांस चोराच्या भयानें पक्के बसविलेले गज, आणि जिना एकच, तोही स्वयंपाकघराच्या दाराशीं! लाक्षागृह पेटणार हें पांडवांस ठाऊक होतें. विदुरानें धाडलेल्या खनकानें तेथें पाण्याचे रांजण भरले नाहींत, भुयार खणलें.

पाण्याचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत उन्हाळ्यांत घरोघर पांच घागरी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा व कातडी पखाल ठेवण्याची आज्ञा आहे. न ठेवील त्यास पाव पण दंड. शेजाऱ्याच्या आगीस न धांवणाऱ्या घरधन्यास मात्र बारा पण!

दुसऱ्या दिवशीं पुतण्या, मिस्त्री व आम्ही नकाशावर बसलों. वरच्या गॅलरींतून खळ्यांत उतरणारा बाहेरचा जिना प्रथम काढविला. "चोरांसाठीं शिडीच लावून देतां कीं काय भावोजी?" असें वहिनींनीं विचारिलें. प्रश्न रास्त होता. म्हणून त्या दारास आंतून भक्कम अडसर ठरला. कुलूप नाहीं, कारण धुरांत किल्ली सांपडत नाहीं. निजण्याच्या प्रत्येक खोलींत एका खिडकीची जाळी बिजागरीची, आंतून कडी काढतांच उघडणारी.

स्वयंपाकघर आग्नेयेसच राहिलें. पुतण्या शास्त्र मानीना. पण आपल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यांत दुपारचा वारा समुद्राकडून, पश्चिम-वायव्येकडून येतो, तेव्हां त्या कोपऱ्यांतला धूर घरांत न शिरतां बाहेर जातो, हें त्यास पटलें. गॅस हवेहून जड, गळला तर जमिनीलगत सांचतो. म्हणून एक झरोका खालींच ठेविला. खाऱ्या हवेनें तारांचे सांधे गंजतात आणि सैल सांधा तापतो, यास्तव प्रत्येक भागास निराळी एमसीबी, आणि विहिरीच्या पंपाची तार घराच्या मुख्य बटणापासून स्वतंत्र. नाहींतर वीज तोडली कीं पाणीही तुटावयाचें. सोडणें आणि काजूचीं टरफलें दूरच्या मांगरांत गेलीं. टरफलांत तेल असतें. तीं एकदां पेटलीं कीं आटोपत नाहींत.

काकू आतां ऐंशीच्या घरांत आहे. तिची खोली खालीं, पूर्वेच्या बाजूस. नकाशा तिला दाखविला तेव्हां तिनें बाकी कांहीं पाहिलें नाहीं; आपल्या खिडकीवर बोट ठेवून मिस्त्रीस म्हणाली, "कडी एवढी वर नको. खाटेवर बसून माझा हात पोंचला पाहिजे." मिस्त्रीनें तेथेंच टेप काढून तिच्या हाताचें माप घेतलें.